विहिरीत उतरायच्या आधी वर कसं यायचं ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मे महिन्यात पुण्याहून पंधरा दिवस माहेरी जाताय, साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात. मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 8 वर्षांची. भावाच्या मळ्यातल्या विहिरीवर रोज दुपारी आसपासच्या वस्त्यांवरची वीस-पंचवीस पोरं पोहायला जमतात, त्यात तुमचे भाचेही असतात. मुलगा सोसायटीच्या तरणतलावात दोन उन्हाळे शिकलाय, मुलीला अजून येत नाही. भाऊ म्हणतो, कमरेला कासरा बांधून टाकतो, दोन दिवसांत शिकतील, आपण असेच शिकलो. आणि तुम्ही विचारलंय, पाठवू का?

पाठवा. फक्त भाऊ म्हणतो तसं टाकू देऊ नका, आणि पहिल्या दिवशी दोघांनाही पाण्यात उतरवू नका. मी शेजारच्या खटाव तालुक्यात शाळेत खेळ शिकवायचो, आता निवृत्त आहे. गेली 31 वर्षं दर मे महिन्यात आमच्या वस्तीवरच्या विहिरीत पोरांना पोहायला शिकवतोय. उन्हाळ्याची दुपार, वर तापलेला बांध, खाली हिरवं पाणी, बाभळीच्या फांदीवर सुगरणीची घरटी लोंबतायत आणि पहिल्या उडीसरशी कपारीतली पारवी फडफडत वर निघतायत. हे सुख ज्याला मिळालं त्याला ते जन्मभर पुरतं. तुमच्या मुलांना ते मिळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच जरा लांबण लावतो.

मी तुमची विहीर पाहिलेली नाही. ती बांधीव आहे की कच्ची, पायऱ्या आहेत की नुसत्या कड्या टाकल्यात, पाणी किती परस, म्हणजे किती पुरुष खोल आहे, यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे. पण कुठलीही विहीर असो, मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो. पोर दमलं, घाबरलं किंवा पायात गोळा आला, तर ते कुठून आणि कशाला धरून वर येणार? उडी कुठून मारायची हे पोरं स्वतःच शोधतात. वर यायची वाट मोठ्या माणसाने आधी बघून ठेवावी लागते.

याचं कारण मे महिना. पोहायचा महिना हाच, आणि विहिरीचं पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं तेही याच महिन्यात. दिवाळीत पाणी पायऱ्यांना लागलेलं असतं, हात टेकला की माणूस वर. मेमध्ये तेच पाणी दोन-तीन परस खाली जातं. पायऱ्या मध्येच संपतात आणि त्याखाली नुसता काळा खडक उरतो. गावची पोरं त्या खडकावरून सरड्यासारखी चढतात, कारण कुठल्या कपारीत अंगठा बसतो आणि कुठला दगड हलतो हे त्यांच्या हातापायांना पाठ असतं. तुमच्या भाच्यांनाही असणार. तुमच्या मुलाला नाही, आणि भाऊ नेमकं हेच विसरतोय. तो वर्षभर त्या विहिरीवर जात होता, मग पोहायला शिकला.

जुन्या लोकांनी पायविहिरी बांधल्या त्या किती विचाराने बांधल्या ते अशा वेळी कळतं. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. जमलं तर मुलांना ती नक्की दाखवा, पोहायला म्हणून नाही, पाण्यापर्यंत माणूस चालत कसा उतरायचा ते बघायला. आताच्या कडीच्या विहिरीत असं काही नसतं. सिमेंटचा गुळगुळीत गोल, फार तर दोन-चार लोखंडी आकडे, तेही गंजलेले. अशा विहिरीत पट्टीचा पोहणारासुद्धा दोर नसेल तर अडकतो.

तलावात शिकलेल्या मुलाबद्दल एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी एवढं का ताणतोय ते कळेल. बारा-तेरा वर्षांपूर्वी मुंबईहून एक मुलगा आला होता, 13 वर्षांचा, तलावात सहज दहा फेऱ्या मारणारा. वरच्या थारोळ्यावरून, म्हणजे मोटेचं पाणी पडायच्या जागेवरून, उडी मारली, नीट वर आला, चार हात मारून भिंतीशी गेला. तलावात भिंतीशी गेलं की धरायला काठ असतो. इथे शेवाळलेला खडक होता. त्याची बोटं त्या हिरव्या दगडावरून खाली घसरत होती, परत वर जात होती, परत घसरत होती. ओरडला नाही. मान मागे टाकलेली, तोंड पाण्याच्या बरोबरीला, डोळे वर. मी दहा फुटांवर पायरीवर बसलो होतो आणि मला क्षणभर वाटलं, हा कपारीतली पारवी बघतोय. आजूबाजूला सहा पोरं हसत होती, एकाने तर त्याच्या तोंडावर पाणी उडवलं. मग मला त्याची बोटं दिसली. मी ट्यूब घेऊन उडी टाकली आणि तो हाताला लागला. वर आल्यावर ओकला, खोकत राहिला, सरकारी दवाखान्यात रात्रभर ठेवावा लागला. वाचला. त्या रात्री मी जागाच होतो.

त्यानंतर आमच्याकडे कुणाचाही पाय ओला व्हायच्या आधी दोर बांधला जातो. बोटाएवढा जाड सोल, दर हाताला एक गाठ. वरचं टोक बाभळीच्या बुंध्याला, खालचं पाण्यात चांगलं चार हात सोडलेलं, आणि पाण्याच्या पातळीला ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब अडकवलेली. त्याच्या शेजारी बांबूची शिडी. पहिल्या दिवशी प्रत्येक नवीन पोराने दोर धरून, शिडीने खाली जायचं आणि वर यायचं, तीन वेळा, पाण्यात न उतरता. ज्याला हे जमत नाही त्याला पाण्यात घेत नाही. पायरीवरचं शेवाळ मी आदल्या दिवशी वाळू टाकून गोणपाटाने घासतो. पाणी लागून हटलेली शेवटची पायरी सगळ्यात निसरडी, आणि नेमकं तिथेच पोर ओल्या पायाने धावतं.

खोली मोजायला कासऱ्याला दगड बांधायचा, हाता-हातावर गाठी मारायच्या आणि चार ठिकाणी सोडून बघायचा. मधोमध तीन परस पाणी असतं आणि एका बाजूला खडकाचा टप्पा पाण्याखाली दोन हातांवर असतो, वरून दिसतही नाही. गेल्या वर्षी जिथून सूर मारला तिथे यंदा तो टप्पा वर आलेला असू शकतो. म्हणून डोक्यावरचा सूर आमच्याकडे बंदच आहे. पाय खाली ठेवून उडी चालते, गुडघे पोटाशी घेऊन मुटका चालतो, तोही खालची जागा मोकळी आहे हे राखणदाराने सांगितल्यावर. वीस पोरं असली की पाण्यातल्याच्या डोक्यावर दुसरा पडणं हा रोजचा धोका आहे.

पाणी गढूळ असेल तर माझी एक साधी खूण आहे. पांढऱ्या पंचात दगड बांधून दोरीने सोडतो. दोन हातांच्या आत पंचा दिसेनासा झाला तर त्या दिवशी पोहणं नाही. बुडालेलं पोर दिसलंच नाही तर काढणार कसं?

आता मोटर. गावात हे कुणी फारसं मनावर घेत नाही, म्हणून तुम्ही स्वतः भावाला विचारा. शेतीची लाईट पाळीने येते आणि बऱ्याच जणांनी ऑटो बसवलेला असतो, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. पाण्यात पोरं असताना असं झालं तर दोन धोके. एक, फुटव्हॉलची, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाची ओढ. दुसरा आणि मोठा, सोललेल्या वायरीतून पाण्यात उतरणारा करंट. गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या अंगातून वीज सोपी वाहते, हातपाय आखडतात आणि चांगला पोहणाराही बुडतो. बाहेरून बघणाऱ्याला कारण कळत नाही, त्याला वाचवायला दुसरा उडी टाकतो, मग तोही. म्हणून नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच खाली, फ्यूज काढून मोठ्या माणसाच्या खिशात. पोरं वर आली, मोजून झाली, मगच फ्यूज परत. आणि पाण्यात कुणाला झिणझिण्या आल्यासारखं वाटलं तर लगेच सगळे बाहेर, वायर तपासल्याशिवाय पुन्हा आत नाही.

भावाच्या कासऱ्याबद्दल. त्याच्या मायेबद्दल शंका नाही, पण दोर कमरेला बांधला की ओढताना पोर मधोमध दुमडतं. डोकं आणि पाय खाली, कंबर वर. बांधायचाच असेल तर काखेखालून, छातीभोवती, गाठ पाठीवर, म्हणजे ओढलं की तोंड आधी वर येतं. आणि टाकून देणं तर नकोच. मलाही लहानपणी असंच ढकललं होतं, मी शिकलो. माझ्या धाकट्या भावालाही ढकललं, तो पन्नाशी आली तरी विहिरीच्या काठाशी उभा राहत नाही. शिकलेले लोक ही गोष्ट मोठ्याने सांगतात, न शिकलेले गप्प बसतात, म्हणून ती पद्धत चांगली वाटते. ढकललेलं पोर पहिल्यांदा शिकतं ते मान वर काढून हात आपटणं. ते मोडायला मला पुढे आठ दिवस लागतात.

तुमच्या मुलीला मी शिकवलं असतं तर असं शिकवलं असतं. पाण्यातले पहिले दोन दिवस पाण्याला लागलेल्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात, मोठ्या माणसाच्या हातात. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे, नाकाने श्वास सोडायला शिकायचं. मग उताणं तरंगणं. मी हात मारायच्या आधी उताणं तरंगायला शिकवतो. पोहून दमलेल्या पोराला विसावा म्हणून तेवढंच असतं. कान पाण्यात, पोट वर, नजर आभाळाकडे. मानेखाली माझी दोन बोटं असतात. ती काढून घेतली तरी तिला कळत नाही, तो दिवस तिचा.

तिसऱ्या दिवसापासून पाठीला आधार. आमच्या लहानपणी वाळलेले भोपळे असायचे, नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा. पांगाऱ्याचं लाकूड अतिशय हलकं. एक हातभर ओंडका पाठीला बांधायचा, रोज उन्हात वाळवायचा, आणि पोर सुधारेल तसतशी त्याची एकेक चकती कापून काढायची. पोराला वाटतं बिंडा तोच आहे. शेवटी तळहाताएवढा तुकडा उरतो आणि तोही नको होतो. आता पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा बांधतात, तोही चालतो, बूच घट्ट असलं आणि पट्टा छातीवरून गेला की झालं. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पाठीवरचा डबा शिकण्यासाठी आहे, राखणीसाठी नाही. घाबरून पोराची शुद्ध हरपली तर पाठीवरचा डबा त्याला पालथं ठेवतो, तोंड पाण्यात. कमरेत घातलेली ट्यूब तर अंग आखडलं की निसटते, नाहीतर पोर तिच्यात उलटं होतं. म्हणून डबा असो, भोपळा असो, शिकणारं पोर मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावरच. एका माणसाकडे एका वेळी एकच शिकाऊ. मुलगी साधारण दहा-बारा दिवसांत दोराला धरून स्वतः फेरी मारू लागेल. लागली नाही तर पुढच्या मेमध्ये. दोन दिवसांत शिकायची घाई कशासाठी?

मुलाचं वेगळं. त्याला पोहता येतं, म्हणून त्याला वाटेल आपल्याला येतंच. तलावात एका टोकाला पाय टेकतात, विहिरीत कुठेच टेकत नाहीत. वरचं हातभर पाणी कोमट, त्याखाली एकदम गार, उडी मारून खाली गेलं की छाती आवळते आणि नकळत श्वास ओढला जातो. तळ दिसत नाही. शिवाय घुमणाऱ्या आवाजात कोण काय ओरडतंय ते कळत नाही, म्हणून मी शिट्टी वापरतो. एक लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी दोराशी. त्यालाही पहिले दोन दिवस शिडीने उतरू द्या, दोरापासून दहा हातांत पोहू द्या, एकदा तरी कपड्यांसकट उताणं तरंगून दाखवू द्या, मग उडी. कधी दिवड, म्हणजे पाणसाप, दिसली तर तिला विष नसतं, हे त्याला आधीच सांगून ठेवा. दिवडीपेक्षा दचकल्याने नाकातोंडात पाणी जाण्याची भीती जास्त.

राखणीबद्दल मी सगळ्यात कडक आहे. गर्दीच्या विहिरीवर काठाला दहा-पंधरा मोठी माणसं बसलेली असतात. कुणी तंबाखू मळतोय, कुणी मोबाईलवर, आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. आमच्याकडे राखणदार ठरलेला असतो. त्याच्या गळ्यात शिट्टी, मोबाईल दुसऱ्याकडे, पोटात दारूचा थेंब नाही, आणि तो पाण्यात उतरत नाही. दर अर्ध्या तासाने बदली. दर पाच मिनिटांनी डोकी मोजायची, मोठ्याने. बुडणारं पोर सिनेमात दाखवतात तसं हात हलवत ओरडत नाही. त्याला श्वासच पुरत नसतो, ओरडायला हवा कुठून आणणार? ते उभं राहिल्यासारखं दिसतं, मान मागे, तोंड पाण्याच्या वर-खाली, हात दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबतायत, जणू शिडी चढतंय. एवढी झटापट वीस सेकंद ते एक मिनिट चालते. नंतर पाणी शांत. म्हणून नियम एवढाच ठेवा: दंगा करणाऱ्या पोराची काळजी कमी करा, गप्प झालेल्या पोराकडे आधी बघा.

पोरांमध्ये दम धरायची पैज लागते, ती पहिल्या दिवसापासून बंद करा. खाली जायच्या आधी ती जोरजोरात दहा-वीस श्वास घेतात. त्याने अंगात प्राणवायू फारसा वाढत नाही, उलट श्वास घ्यायची आठवण करून देणारा कार्बन डायऑक्साइड कमी होतो. पोराला घुसमट जाणवतच नाही आणि ते पाण्याखालीच बेशुद्ध होतं. हे चांगल्या, दमदार पोहणाऱ्या पोरांच्या बाबतीत होतं, म्हणून अधिक वाईट. कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर त्याच्यासोबत पाण्यात कायम एक माणूस हवा.

जेवणाचं कुणीतरी विचारेलच. भरल्या पोटी पोहायला जड जातं, तासभर थांबावं, याहून मोठं काही नाही. भूक खरी लागते ती पोहून आल्यावर. डब्यात भाकरी, कांदा आणि तिखट-मीठ जास्तीचं द्या, कैऱ्या ती पोरं पाडतातच. ऊन कलल्यावर, चारनंतर जाणं बरं. मात्र मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्याच वेळेला वळीव येतो. आभाळ दाटलं, गडगडलं की लगेच बाहेर, आणि झाडाखाली न थांबता थेट घरी.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी पोरं विहिरीचा कंटाळा आला की इतर ठिकाणीही जातात, त्याबद्दल सांगून ठेवतो.

शेततळ्यात कधीच नाही. किती का उथळ दिसेना, कितीही का येईना पोहायला. 2016 पासून मागेल त्याला शेततळे योजनेमुळे ती गावोगाव झाली आणि शेतीला त्यांचा मोठा आधार आहे. पण आत प्लास्टिकचा कागद, चारही बाजूंनी उतार, त्यावर शेवाळाचा पातळ थर. माणूस पाण्यातून उतारावर हात टेकतो आणि घसरून परत आत जातो. पोहता येत असतानाही वर येता येत नाही. तुमच्या भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या शेततळ्याला कुंपण नसेल आणि कागदावर गाठींचे दोर सोडलेले नसतील, तर तेवढं काम या सुट्टीत करवून घ्या.

कालव्याचंही तेच. अस्तरीकरण केलेल्या कालव्याचे काठ असेच उताराचे आणि गुळगुळीत, वर पाण्याला ओढ. उन्हाळी आवर्तन सुटलं की भरलेला कालवा बघून पोरांना मोह होतो. नाहीच.

नदीच्या डोहाबद्दल मात्र सरसकट नाही म्हणवत नाही, कारण कृष्णेच्या काठची पिढ्यान् पिढ्या माणसं डोहातच शिकली. पण नदी आता तशी राहिली नाही. वाळू उपसून खड्डे झालेत, गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल थेट डोक्याएवढ्या पाण्यात पडतं. धोम धरणातून पाणी सोडलं की तासाभरापूर्वीची उथळ जागा उथळ राहत नाही. आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या खाली, जिथे पाणी पडून फेस होतो, तिथे फिरतं पाणी माणसाला धरून ठेवतं. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असोत की काढलेले, बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांना पोहायचं नाही. डोहात जायचंच असेल तर त्या गावचा जाणता माणूस बरोबर, पाणी सोडण्याची चौकशी करून, आणि तुमच्या मुलीला काठापर्यंतच.

पडीक विहिरीत तर कशासाठीच उतरू नका, चेंडू काढायलाही नाही. एप्रिल 2024 मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या मळीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे पाच जण गेले. तिथे पोहणं येण्या-न येण्याचा प्रश्नच नव्हता, आत विषारी वायू होता.

आणि समजा झालंच काही, तर? आधी फेका, मग हात लांब करा, उडी शेवटी. बुडणारा माणूस समोरच्याच्या गळ्याला मिठी मारतो, ती सोडवणं सोपं नाही. दोर बांधलेला वीस लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावून, कायम काठावर ठेवा. त्यात मूठभर पाणी ठेवलं की लांब फेकता येतो. धोतर, साडी, बांबू, जे हाताशी असेल ते. बाहेर काढलेल्या पोराला पालथं घालून पोट दाबणं, पाय धरून गरागरा फिरवणं हे आमच्या भागात अजून करतात. त्यात लाखमोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी उलट फुप्फुसात जातं. श्वास नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा फुंका, छाती वर येते का बघत. मग छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने दाबत राहा, 30 दाब, 2 फुंका, पुन्हा 30. दुसऱ्याने तोवर 108 ला फोन. वाचून हे येत नाही, पुण्यात असतानाच एखाद्या प्रथमोपचार वर्गात बाहुलीवर करून बघा, एका दिवसाचं काम आहे. पोर शुद्धीवर आलं, बोलायला लागलं, तरी दवाखान्यात न्याच. खोकला किंवा धाप नंतर वाढू शकते.

ताई, तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही. तुम्हाला स्वतःला पोहता येतं का? भावाला त्या विहिरीत शिकवलं, तुम्हाला शिकवलं नसणार, असा माझा अंदाज. आमच्या भागात दर उन्हाळ्यात तीच बातमी असते. कपडे धुवायला गेलेल्या बायकांपैकी एकीचा पाय घसरतो, तिला धरायला दुसरी जाते, दुसरीला तिसरी. कुणालाच पोहता येत नसतं. म्हणून वस्तीवर मी मुलींना आधी घेतो आणि त्यांच्या आयांना पहाटे, पोरं यायच्या आत. माझी बायको लग्नानंतर चार वर्षांनी शिकली, पंजाबी ड्रेसवर, ओढणी काढून ठेवून. नऊवारी नेसणाऱ्या एक काकू पन्नाशीत शिकल्या. पहिल्यांदा उताणं तरंगल्या तेव्हा डोळे मिटून पडून राहिल्या, वर यायलाच तयार नव्हत्या. घरात कुणी नावं ठेवतील अशी काळजी वाटत असेल तर वहिनीलाही बरोबर घ्या. आठ वर्षांच्या मुलीसमोर तिची आई पायरीवर बसून पाण्यात तोंड घालतेय, यापेक्षा चांगला धडा मला शिकवता येणार नाही.

जायला अजून वेळ आहे. आज रात्री भावाला फोन करा आणि विहिरीची शेवटची पायरी पाण्यापासून किती हात वर राहिलीय ते विचारा. मेपर्यंत आणखी दोन-तीन हात पाणी उतरेल ते धरून, त्याला तेवढ्या लांबीचा सोल आणायला सांगा. कोरेगावच्या बाजारात मिळेल. गाठी तुम्ही पोचल्यावर मुलांकडूनच मारून घ्या, हाता-हातावर एक.